गुडघ्यात दत्तक गादी: बडोद्याहून निघणाऱ्या नवख्यांसाठी

बडोद्यात 'गादी' हा शब्द जपून वापरावा लागतो. आजोबांच्या पिढीला गादी म्हणजे गायकवाडांची. मणक्याच्या डॉक्टरकडे गेलं की गादी सरकलेली असते. आणि गुडघा धरून हाडांच्या दवाखान्यात शिरलं, तर बाहेर बाकावर बसलेल्या निम्म्या लोकांना आधीच सांगितलेलं असतं, 'गादी घसाई गई छे.' हे सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात. मला हे कळायला सात वर्षं लागली, तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

माझी गोष्ट थोडक्यात. नवरात्रात अनवाणी गरबा, मैदानात एक खडा, पाय जागेवर रुतला आणि अंग गोल फिरलं. वय बावीस. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, 'फाटलेलं थोडंसं साफ केलंय' असं सांगून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पुढे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू झालं, जिना उतरताना सूज यायला लागली. शेवटी मुंबईत मेनिस्कसचं, म्हणजे गुडघ्यातल्या एका गादीचं, प्रत्यारोपण करून घेतलं. मी डॉक्टर नाही. पण या वाटेवर कुठे काय विचारायचं आणि घरी काय तयारी ठेवायची, ते आता पाठ झालंय.

आधी ठरवा, कोणती गादी

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात तिथे दोन चंद्रकोरी असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. चिवट, रबरासारख्या. त्या म्हणजे मेनिस्कस. दुसरी वस्तू म्हणजे कूर्चा: हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत लेप. मटणाच्या नळीच्या टोकाला जो निळसर पांढरा, चकचकीत थर दिसतो ना, तोच. गुडघ्यात बहुतेक ठिकाणी तो दोन ते चार मिलिमीटर जाडीचा असतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. म्हणून ती झिजत असताना सुरुवातीला कळत नाही, आणि झिजली की स्वतःहून नीट भरून येत नाही. मेनिस्कसला रक्त मिळतं ते फक्त बाहेरच्या काठाला. काठाजवळ फाटलं तर शिवता येतं आणि जुळून येतं. आतल्या कडेला फाटलं तर जुळणं कठीण, म्हणून तिथे छाटतात. दुखापत ताजी असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: शिवता येईल का? शिवून झालं तर कुबड्या जास्त दिवस वापराव्या लागतात आणि कामावर उशिरा जावं लागतं, त्यामुळे आपणच 'लवकर मोकळं करा' म्हणतो. मीही म्हटलं होतं.

एकेकाळी मेनिस्कस हा निरुपयोगी अवशेष समजून सरसकट काढून टाकत. १९४८ साली फेअरबँक नावाच्या ब्रिटिश सर्जनने अशा गुडघ्यांचे एक्स-रे मांडले आणि सांध्यात पुढे काय बदल होतात ते दाखवलं. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा साधारण अर्धा भार मेनिस्कस झेलतो. नव्वद अंशांत वाकला की जवळजवळ ८५ टक्के. तो गेला की हा सगळा भार त्या पातळ कूर्चेवर येतो. बाहेरच्या बाजूचा मेनिस्कस गेला असेल तर बिघाड जास्त वेगाने होतो, कारण तिथे हाडांचे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत बसणारे नाहीत. त्यांना बसवून ठेवण्याचं काम मेनिस्कसच करत होता.

जुने कागद शोधा

पहिलं काम घरातच आहे. आधी ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, ऑपरेशन नोट्स लागतात, आणि दुर्बिणीचे फोटो किंवा व्हिडिओ असेल तर तोही. किती मेनिस्कस काढला आणि काठ शिल्लक ठेवला का, हे तिथेच लिहिलेलं असतं. मी सात वर्षांनी त्या दवाखान्यातून नोट्स मिळवल्या. तोंडी 'थोडंसं साफ' होतं, कागदावर 'सबटोटल', म्हणजे जवळजवळ सगळा. राग आला, पण मुंबईच्या डॉक्टरचं निम्मं काम त्या एका शब्दाने झालं.

हा उपाय कुणासाठी, कुणासाठी नाही

माझं ऑपरेशन ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'मग माझीही गादीच बदलू दे, अख्खा सांधा कशाला बदलायचा?' वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे बाकलेले, एक्स-रेत हाडाला हाड टेकलेलं. त्यांना समजावताना मलाच नीट समजलं: ज्या गुडघ्यात बाकी सगळं ठीक आहे आणि फक्त गादी नाही, त्या गुडघ्यासाठी हे ऑपरेशन आहे. संधिवाताने पूर्ण झिजलेल्या सांध्यात नवा मेनिस्कस घालणं म्हणजे खडबडीत जात्यात नवं कापड घालणं. तो काही महिन्यांत फाटतो.

म्हणून सर्जन साधारण हे बघतात: वय सहसा पन्नाशीच्या आत, मेनिस्कस पूर्वी काढलेला, आणि दुखणं त्याच बाजूला. दुखतच नसेल तर पुढे झीज होऊ नये म्हणून आधीच बसवून ठेवायची पद्धत सहसा नाही. पाय सरळ रेषेत हवा, लिगामेंट घट्ट हवेत, कूर्चा फार झिजलेली नको, वजन आटोक्यात हवं. तंबाखू, मावा, सिगारेट यांबद्दल सर्जन विचारतील, तेव्हा खरं सांगा. जखम आणि हाड दोन्ही भरून यायला त्याने वेळ लागतो.

कोण नापास झालं तर वाईट वाटून घेऊ नका. नापास म्हणजे दुसरा उपाय जास्त योग्य आहे एवढंच.

तपासण्या, आणि त्यातली एक चूक

एक्स-रे उभं राहून काढा. हे मोठ्या अक्षरात लिहून फाईलवर चिकटवा. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यावर भार नसतो, मग हाडांमधली फट छान रुंद दिसते आणि सगळे खूश होतात. गुडघा पंचेचाळीस अंश वाकवून, उभ्याने, मागून पुढे काढलेला फोटो झीज जास्त चांगली पकडतो. त्याशिवाय खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा उभा फोटो लागतो, म्हणजे पाय आत झुकलाय की बाहेर ते कळतं. हा लांब फोटो सगळीकडे निघत नाही. आधी फोन करून विचारा, नाहीतर रावपुऱ्यातून निघून तीन ठिकाणी रिक्षाचे पैसे घालाल. एमआरआय तर लागतोच, तो सीडीत किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. नुसता रिपोर्ट सर्जन फारसा वाचत नाहीत.

शेवटचा एक्स-रे मापाचा. शेजारी ठरावीक आकाराची खूण ठेवून काढतात, आणि नडगीच्या हाडाच्या रुंदी-लांबीवरून किती मोठा मेनिस्कस हवा ते काढतात. ब्लाउजचं माप थोडं चुकलं तर उसवता येतं, इथे नाही. गादी मोठी असेल तर बाहेर सरकते, लहान असेल तर भार झेलताना फाटते.

क्रम चुकवू नका

पाय, लिगामेंट, कूर्चा यांची दुरुस्ती लागणार असेल तर ती मेनिस्कसआधी किंवा त्याच्याबरोबर करावी लागते. पाय वाकडा असेल तर हाड कापून सरळ करतात, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मधला एक लिगामेंट, तुटलेला असेल तर तो नवा बसवतात. डॉक्टर यादी वाढवत आहेत असा संशय तुम्हाला येईल. मलाही आला होता. पण रस्ता कललेला असताना चाकाला नवा टायर घालून काय होणार?

कूर्चेचं नुकसान एखाद्या जागीच असेल, खड्ड्यासारखं, तर त्याचे उपाय वेगळे, आणि आकारावर अवलंबून. लहान खड्डा, म्हणजे साधारण दोन चौरस सेंटीमीटरच्या आत, असेल तर हाडाला बारीक भोकं पाडून रक्त वर येऊ देतात. त्यातून जी कूर्चा तयार होते ती मूळच्यासारखी नसते, जरा राठ असते, काही वर्षांत विरते. दुसरा उपाय म्हणजे गुडघ्यातल्याच कमी भाराच्या जागेवरून हाड आणि कूर्चेचे छोटे दंडगोल काढून खड्ड्यात बसवणं. ही पद्धत हंगेरीत लास्लो हँगोदी यांनी १९९०च्या दशकात रुळवली, आणि फरशीच्या तुकड्यांसारखी दिसते म्हणून तिला मोझेकप्लास्टी म्हणतात. अडचण एवढीच, की काढायला जागा थोडी, म्हणून मोठा खड्डा तिने भरत नाही.

मोठ्या खड्ड्यांसाठी पेशींची पद्धत. स्वीडनमधल्या ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तिचे पहिले निकाल छापले. यात दोन ऑपरेशनं: पहिल्यात दुर्बिणीतून कूर्चेचा तांदळाच्या दाण्याएवढा नमुना काढतात, प्रयोगशाळेत काही आठवडे पेशी वाढवतात, दुसऱ्यात त्या खड्ड्यात सोडतात. स्वतःच्याच पेशी, त्यामुळे दाता शोधायला नको. पण दोनदा भूल, दोनदा खर्च, आणि मधल्या आठवड्यांत नमुना प्रयोगशाळेत नीट राहील याची काळजी. हे सगळे उपाय मेनिस्कसबरोबर एकत्रही करतात. तेव्हा कुबड्यांचे दिवस वाढतात, एवढं लक्षात ठेवा.

गादी येते कुठून

गादीवर दत्तक आणायची बडोद्याला सवय आहे. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. माझ्या गुडघ्यातली गादीही तशीच, दुसऱ्या घराण्यातली: मरण पावलेल्या दात्याची. कुणाची, ते कधी सांगत नाहीत.

किडनीसारखा इथे रक्तगट जुळवावा लागत नाही, आणि शरीराने नाकारू नये म्हणून आयुष्यभर गोळ्याही घ्याव्या लागत नाहीत. जुळवायचं ते माप आणि बाजू: उजवा की डावा, आतला की बाहेरचा. माणसात असं पहिलं प्रत्यारोपण १९८४ मध्ये जर्मनीत म्युनिकला झालं, मिलाखोव्स्की आणि सहकाऱ्यांनी केलं. आपल्याकडे अवयवदानाचा कायदा १९९४चा. २०११च्या दुरुस्तीने त्यात ऊतीही आल्या. त्यामुळे ऊतीपेढीची नोंदणी असते, ती विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दात्याची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी यांसारख्या आजारांची तपासणी झाली का, हेही विचारा. न लाजता.

साठवणीबद्दल एक बारीक गोष्ट. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून ऊतीपेढी आहे, तिथे ऊती गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. हाडाला आणि गर्भावरणाला ते चालतं. पण किरणांचा डोस वाढला की मेनिस्कसचे तंतू कमकुवत होतात, म्हणून बरेच सर्जन खोल गोठवलेली, किरण न दिलेली गादी पसंत करतात. मला हे माहीत असतं तर पहिल्याच भेटीत विचारलं असतं.

वाट बघावी लागते. माझी तारीख तीनदा पुढे गेली, कारण बाहेरचा, उजवा आणि लहान मापाचा मेनिस्कस लवकर मिळेना. ऑफिसची रजा पक्की तारीख कळल्यावरच टाका.

पैशाबद्दल: गादीची किंमत ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये आहे की वेगळी, लेखी घ्या. विमा कंपनीला आधीच पत्र लिहा आणि उत्तर ईमेलवर मागा. एजंटचं 'हो जाएगा' उपयोगाचं नाही. २०२४ पासून आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा लावता येते, त्यामुळे पॉलिसी कधीची आहे ते बघा.

आणि सर्जनला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: गुडघा उघडल्यावर कूर्चा अपेक्षेपेक्षा खराब दिसली तर काय करणार? ज्याच्याकडे याचं सरळ उत्तर आहे, त्याच्याकडेच ऑपरेशन करून घ्या.

ऑपरेशन

यावर फार लिहीत नाही, कारण तेव्हा तुम्ही झोपलेले असता. दुर्बिणीतून होतं, बाजूला एक छोटी चीर असते. बाहेरच्या मेनिस्कसची दोन्ही टोकं एकमेकांच्या जवळ असतात, म्हणून ती बहुधा एकाच हाडाच्या पट्टीसकट, खाचेत सरकवून बसवतात. आतल्या मेनिस्कसची टोकं लांब असल्याने तिथे हाडाच्या दोन गुट्ट्या किंवा नुसते टाके. मग कडेने शिवतात.

घरी आल्यावर

खरं काम इथून, आणि निम्मे लोक इथेच चुकतात.

परतीचा प्रवास आधी ठरवा. मुंबई-बडोदा जवळजवळ चारशे किलोमीटर. ब्रेस लावलेला पाय लांब ठेवता येईल असा खालचा बर्थ घ्या, कुबड्या पायाशी. प्रवासात दर अर्ध्या तासाने पावलं वर-खाली हलवा, नाहीतर पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते.

घरात काय लागतं? कमोड. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात भारतीय बैठकीचा संडास होता, वर ठेवायची खुर्ची आम्ही आधीच विकत आणली. उंच खुर्ची, हात ठेवायला दांडे असलेली. न्हाणीत प्लॅस्टिकचं स्टूल आणि रबरी चटई. जिना असेल तर एक मंत्र पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आमच्या घरात माजघर, स्वयंपाकघर, परत माजघर अशा तीन उंबरठ्यांनी जिन्याइतकंच छळलं.

साधारण सहा आठवडे कुबड्या. पूर्ण भार कधी टाकायचा हे प्रत्येक सर्जन वेगळं सांगतो. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत नव्वद अंशांच्या पुढे गुडघा वाकवायचा नाही. टाके दोन आठवड्यांनी निघतात, आणि त्यानंतर पायात ताकद आल्यासारखं वाटतं, तिथेच धोका. आत अजून काही भरलेलं नसतं.

फिजिओ बडोद्यातलाच हवा, पण सर्जनने लिहिलेला कार्यक्रम त्याच्या हातात द्या. माझ्या पहिल्या फिजिओने दुसऱ्याच आठवड्यात 'आता जमिनीवर बसून बघा' म्हटलं. त्याला वाटलं, साधी दुर्बीण झालीये. ते ऑपरेशन वेगळं आणि हे वेगळं, हे सांगणारा कागद माझ्याकडे होता, म्हणून वाचले. सुरुवातीचे व्यायाम अगदी साधे: मांडीचा पुढचा स्नायू आवळून दहा मोजायचे, पाय सरळ ठेवून उचलायचा, गुडघ्याची वाटी हलकेच हलवायची. कंटाळवाणे आहेत. पण मांडीचा तो स्नायू ऑपरेशननंतर बघता बघता वितळतो आणि परत यायला महिने घेतो.

तेलमालीश मात्र नको. जुम्मादादा व्यायाममंदिरातले माणिकराव हाडं बसवण्यासाठी प्रसिद्ध होते, त्यामुळे बडोद्यात आजही घरटी कुणीतरी 'एकदा हाडवैद्याला दाखवून घे ना' म्हणणारी काकू असते. काकूला चहा पाजा, गुडघा हाडवैद्याच्या हातात देऊ नका. शिवलेल्या जागी ओढाताण झाली तर सगळं पाण्यात.

लगेच डॉक्टरला फोन कधी? ताप, जखमेतून पाणी, वाढत जाणारी लाली, पोटरी दगडासारखी घट्ट आणि दुखरी. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोन करण्यातही वेळ घालवू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

महिने

तिसऱ्या महिन्यात मी कमाटीबागेत सपाट रस्त्याने फिरायला लागले. स्कूटीवर चौथ्या महिन्यात, तीही दुसऱ्या कुणी स्टँड लावून दिल्यावर. धावणं सहा महिन्यांनंतर, ते सुद्धा मांडीची ताकद मोजून. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं मी बंदच केलं. गौरी-गणपतीच्या आरतीला आता खुर्ची असते, माझ्याबरोबर सासूबाईंचीही.

गरब्याबद्दल सगळे विचारतात. दुखणं कमी होणं, सूज न येणं, जिना सहज उतरणं यासाठी हे ऑपरेशन आहे. वळणाऱ्या, उड्यांच्या खेळांना परत जायचं का, यावर सर्जन्समध्ये एकमत नाही. माझ्या डॉक्टरांनी नको म्हटलं. गादीही कायमची नसते. दहा वर्षांनी साधारण दहापैकी सात जणांची टिकलेली असते. मधल्या काळात दुर्बिणीतून पुन्हा एकदा डागडुजी लागणं फार अपवादाचं नाही.

फाईलमध्ये एक स्टिकर येतो, त्यावर गादीचा क्रमांक असतो. तो सांभाळा. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर आधीच सांगा, आत दात्याचा मेनिस्कस आहे. बसवलेली गादी एमआरआयत मूळच्यासारखी दिसत नाही, थोडी बाहेर सरकलेली, थोडी वेगळ्या छटेची असू शकते. दीड वर्षांनी माझा काढला तेव्हा मी हे सांगायला विसरले, आणि रिपोर्टात आलं, 'मेनिस्कस फाटलेला.' घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांना सीडी पाठवली. त्यांचा एका ओळीचा निरोप आला: गादी जागेवर आहे, पुढच्या वर्षी उभ्याने एक्स-रे काढून या.